सात महिन्यांचा कोंबडा अंगावर धावून येतोय

अंगणओटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. प्रश्न आमच्या कोंबड्याचा आहे आणि मला खरोखर मदत हवी आहे.

घरामागे छोटं खुराडं आणि त्याला लागून जाळीचं आवार. ५ कोंबड्या, १ कोंबडा. कोंबडा ७ महिन्यांचा. त्याच्या सोबतची पिल्लं दगावली, हा एकटाच वाचला, म्हणून घरात खोक्यात ठेवून मीच वाढवला. मांडीवर झोपायचा. मान खाजवली की डोळे मिटून घ्यायचा. मुलगा त्याला 'शिपाई' म्हणतो, कारण आवारात गेलं की तो पायापायात येत सोबत चालायचा.

गेले ५-६ आठवडे तो पार बदललाय. सुरुवातीला पाठ वळली की चपलेला चोच मारायचा. मग पोटरीला. गेल्या आठवड्यात पाण्याचं भांडं उचलायला वाकले आणि त्याने दोन्ही पाय पुढे करून झेप घेतली. पोटरीवर दोन ओरखडे, त्यातला एक खोल. काल मुलगा (वय ६) जाळीच्या आत गेला तर हा थेट त्याच्या छातीपर्यंत उडाला. मुलगा पळाला, हा मागे. मी मध्ये पडले म्हणून लागलं नाही, पण रात्री मुलगा झोपेत दचकून उठला.

घरचे म्हणतात, देऊन टाक. मला तो द्यायचा नाही. कोंबड्यांशी तो फार चांगला वागतो, दाणा सापडला की आधी त्यांना बोलावतो. ज्याला मी मुठीएवढा असल्यापासून सांभाळलं तो माझ्यावरच का येतो? माझं काय चुकतंय?

दाणापाणी

ताई, कोंबड्याचं नंतर, आधी तुमच्या पोटरीचं बघा. कोंबड्याची नखं दिवसभर मातीत आणि विष्ठेत असतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली ५-१० मिनिटं धुवा. खोल ओरखडा डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते आठवून सांगा. वरून बारीक दिसणारी टोचलेली जखम आत चिघळते. लाल झाली, ठणकायला लागली तर थांबू नका.

दुसरं, मुलगा आजपासून जाळीच्या आत जाणार नाही. कोंबडा सुधारेपर्यंत नाही, आणि सुधारला तरी एकटा नाही. काल तो त्याच्या छातीपर्यंत उडाला, तिथून चेहरा लांब नाही. डोळ्याला नख लागलं तर परत फिरवता येत नाही. हे मी कळकळीने सांगते आहे, रागावू नका.

आता थोडे प्रश्न. ५-६ आठवड्यांपूर्वी आवारात काही बदललं का? नवीन कोंबडी, जागा, औषध, काहीही? कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं शाबूत आहेत का? तो अंगावर येतो तेव्हा तुम्ही काय करता, मागे सरता, ओरडता, मारता? आणि त्याच्या पायामागचा काटा केवढा झालाय?

जुनंखुराडं

धागाकर्तीताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लिहायला बसलो. 'मी सांभाळलं, तो माझ्यावरच का येतो?' उत्तर ऐकायला कठीण आहे, पण ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. तुम्ही सांभाळलं म्हणूनच येतो.

कोंबडीने वाढवलेलं पिल्लू माणसाला माणूस समजतं. थोडं बिचकतं, अंतर राखतं. माणसाच्या मांडीवर वाढलेल्या नराला ते अंतरच ठाऊक नसतं. त्याच्या लेखी तुम्ही कळपातल्याच. लहान होता तोवर याचा आनंद वाटतो. ४-५ महिन्यांनंतर त्याच्या अंगात नराचं रक्त उसळायला लागतं, आणि मग कळपात आपली जागा कोणती हे तो प्रत्येकाकडून तपासून घेतो. कोंबड्यांकडून घेतो तसंच तुमच्याकडून. माणसाची त्याला भीती नाही, त्यामुळे तुमच्याशीही तो दुसऱ्या कोंबड्याशी बोलावं त्याच भाषेत बोलतो. यात कृतघ्नपणा नाही ताई. तुम्ही त्याच्या जगातल्या आहात एवढाच त्याचा अर्थ.

ही उतरंड नवी नाही. नॉर्वेच्या तोरलाइफ शेल्डेरुप-एबे यांनी कोंबड्यांमध्ये कोण कोणाला चोच मारतं याचा क्रम टिपून १९२१ च्या सुमारास मांडला. त्याला इंग्रजीत 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात. आज माणसांच्या कचेरीतल्या चढउतारालाही तोच शब्द लावतात, पण तो मूळचा खुराड्यातला आहे. मोठ्या कोंबड्या आणि एखादा वयस्क कोंबडा असलेल्या कळपात तरणा नर वाढला तर त्याला रोज चार फटके बसतात आणि तो रीत शिकतो. तुमच्या शिपायाला हे शिकवणारं कोणी नव्हतं.

आता तो काय बोलतो ते बघायला शिका. झेप ही त्याच्या बोलण्यातली सगळ्यात शेवटची ओळ असते. त्याआधी त्याने ४-५ वेळा सांगितलेलं असतं. आधी तो थांबतो आणि एका डोळ्याने, तिरका, तुमच्याकडे रोखून बघतो. मग जमिनीवर चोच मारायला लागतो, पण नीट बघा, दाणा उचलत नाही, नुसती चोच आपटतो. मग एक पंख खाली सोडून, पाय घासत, तुमच्या बाजूने अर्धगोल फिरतो. हाच नाच तो कोंबडीपुढेही करतो, म्हणून नवख्यांना वाटतं लाडात आलाय. त्यानंतर मानेची पिसं पिंजारतात, डोकं खाली जातं, आणि मग उडी. तुम्ही वाकलेल्या होतात, नजर भांड्यावर होती, त्यामुळे आधीचं सगळं निसटलं.

दाणापाणीताईंच्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग पुढचं सांगतो.

अंगणओटा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांकडे जाऊन आले, सुई घेतली, जखम स्वच्छ आहे.

काटा अजून छोटा आहे, अर्ध्या सेंटिमीटरचा टोकदार उंचवटा. ओरखडे नखांचेच आहेत.

बदल म्हणाल तर साधारण दीड महिन्यापूर्वी कोंबड्यांना उवा झाल्या. तेव्हापासून एक दिवसाआड एकेकीला पकडून पंखाखाली पावडर लावते आहे. त्या हाताला लागत नाहीत, कोपऱ्यात कोंडून पकडावं लागतं, फार ओरडतात. दोघींच्या पाठीवर आणि डोक्यामागे पिसं गेली आहेत. मला वाटलं उवांमुळेच.

तो अंगावर आला की सुरुवातीला मी मागे सरायचे. मग एकाने सांगितलं म्हणून खराट्याने ढकलायला लागले. दोनदा पायाने लांब केला. खरं सांगते, एकदा जोरात लागलं असेल त्याला. त्याचं वाईट वाटतंय.

जुनंखुराडं

ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण कोडं सुटलं बघा.

त्याच्या बाजूने दीड महिना बघा. एक दिवसाआड तुम्ही येता, त्याच्या कोंबडीला कोपऱ्यात दाबता, ती जिवाच्या आकांताने ओरडते. पकडलेल्या कोंबडीचं ते ओरडणं म्हणजे कळपासाठी 'शिकारी आला'. अशा वेळी मध्ये पडणं हेच तर कोंबड्याचं काम. शिकारी पक्षी दिसला की त्याची हाक वेगळी, जमिनीवरून काही आलं की वेगळी, आणि पहिली हाक ऐकून कोंबड्या दबून बसतात, दुसरीला मान उंच करून बघतात. इतकं बारकाईने तो त्यांची राखण करतो. तुमचा शिपाई नेमकं शिपायाचं काम करतोय, फक्त त्याच्या यादीत आता तुमचं नाव शत्रूंमध्ये गेलंय.

वरून खराटा आणि लाथ. दोन कोंबड्यांचं भांडण कसं होतं? एक उडून लाथ घालतो, दुसरा उडून लाथ घालतो, एकजण पळेपर्यंत. तुम्ही पायाने ढकललंत म्हणजे त्याच्या भाषेत 'ये' म्हणालात. मागे सरलात तेव्हा 'तू जिंकलास' म्हणालात. दोन्ही बाजूंनी त्याला तेच शिकायला मिळालं.

उद्यापासून दिवसा एकही कोंबडी पकडायची नाही. अंधार पडल्यावर सगळ्या दांडीवर बसल्या की जा. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती शांत असते. मंद दिवा घ्या, एकेकीला दोन्ही हातांनी पंखांसकट उचला, काम करा, परत तिथेच ठेवा. ओरडणारसुद्धा नाहीत. कोंबड्याचीही तपासणी अशीच रात्री करा. मी गेली कित्येक वर्षं औषध, नखं, वजन, सगळं रात्रीच करतो.

उंचदांडी

माझं मत थोडं वेगळं आहे. कोंबड्याला एकदाच नीट दाखवावं लागतं की मालक कोण. अंगावर आला की पकडायचा, जमिनीवर आडवा दाबायचा, मान खाली धरून ठेवायची, तो ढिला पडेपर्यंत. माझ्या कोंबड्याला तीन वेळा केलं, पुन्हा कधी आला नाही. बाकी सगळं बोलाचालीचं आहे, त्याला ते कळत नाही.

पक्षीवैद्य

मी पशुवैद्य आहे, पक्ष्यांवर उपचार करतो. वरच्या सल्ल्यातल्या एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण त्यात पक्षी मरू शकतो.

पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला, श्वास ओढणारा स्नायूचा पडदा) नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं की हवेच्या पिशव्यांत हवा भरते आणि बाहेर पडते. छाती दाबून धरली की श्वासच बंद. 'ढिला पडला' म्हणजे त्याने हार मानली असं समजतात, पुष्कळदा तो गुदमरत असतो किंवा भीतीने थिजलेला असतो. पाय धरून उलटा लटकवणंही याच कारणासाठी करू नये, पोटातले अवयव हवेच्या पिशव्यांवर येतात.

पकडायचाच असेल तर काखेत धरा. दोन्ही पंख अंगालगत, एक हात खालून पायांना आधार, छाती मोकळी. असा धरून ५-१० मिनिटं कोंबड्यांमध्ये फिरा, पाणी भरा, काम करा, आणि तो शांत झाला की खाली ठेवा. धडपडत असताना सोडू नका, नाहीतर धडपडलं की सुटका होते हे तो शिकेल.

धागाकर्ती, आणखी एक. अचानक बदललेल्या स्वभावामागे दुखणं नाही ना हे आधी बघायला हवं. कोंबड्यांना उवा आहेत म्हणजे त्यालाही असणार. पंखाखाली आणि विष्ठाद्वाराभोवती पिसं बाजूला करून बघा, पिसांच्या बुडाशी पांढरट अंड्यांचे झुबके दिसतील. शिवाय दांडीच्या सांध्यात, फटीत रात्री दिवा मारा. रक्त पिणारे लाल माइट (अगदी बारीक किडे) दिवसा फटीत दडतात आणि रात्री बाहेर येतात, त्यांच्यामुळे पक्ष्यांना झोप मिळत नाही. तळपाय उलटून बघा, काळी खपली किंवा सूज असेल तर आत पू असू शकतो. आणि पावडर कोणती वापरताय ते जवळच्या पशुवैद्याला दाखवा. काही औषधांनंतर ठरावीक दिवस अंडी खायची नसतात.

उंचदांडी

श्वासपटलाचं मला माहीत नव्हतं. छातीवर जोर दिला नव्हता, पण पाठीवर गुडघा टेकवला होता, हे आठवून आता अंगावर काटा आला. माझा सल्ला मागे घेतो. काखेत धरायचं करून बघतो.

दाणापाणी

उंचदांडीदादा, असं सरळ मागे घेणं फार कमी ठिकाणी दिसतं. आभार.

ताई, उघड्या पाठींचं राहिलंच. त्या दोघींची पिसं सगळी उवांनी गेलेली नाहीत. डोक्यामागची जागा म्हणजे कोंबडा वर चढताना जिथे चोचीने धरतो ती, आणि पाठ म्हणजे जिथे पाय रोवतो ती. एका कोंबड्यामागे ८ ते १२ कोंबड्या असाव्यात असा आमच्यात सर्वमान्य अंदाज आहे. तुमच्याकडे ५. शिवाय तरणा, अननुभवी, आणि दोघी त्याच्या आवडत्या. त्यांचे हाल होतायत. जाड सुती कापडाची पाठझूल शिवा, पंखांच्या बुडाशी दोन पट्टे येतील अशी. पिसं परत यायला वेळ लागतो, तुटलेलं पीस झडल्याशिवाय नवं येत नाही, म्हणून पुढची पिसझड होईपर्यंत धीर धरा. झूल रोज उचलून बघा, खाली उवा साठतात. मी एकदा १५ दिवस बघितलंच नाही आणि खालची कातडी ओली होऊन लाल झाली होती.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. पिल्लं नको असतील तर त्याला ठेवायचं की नाही हा मनाचा प्रश्न आहे, गरजेचा नाही.

पहाटपक्षी

माझ्याकडे दोन कोंबडे आहेत, १८ कोंबड्या, म्हणून लिहिते. दोघं एकाच कोंबडीने एकत्र वाढवलेले. लोक म्हणतात दोन कोंबडे कधी नांदत नाहीत. नांदतात, पण मोठा कोण हे ठरलेलं असलं तर आणि धाकट्याला नजरेआड व्हायला जागा असली तर. दाण्याची तीन भांडी, तीन ठिकाणी. मध्ये एक जुनी फळी उभी केली आहे, तिच्या एका बाजूला उभं राहिलं की दुसऱ्या बाजूचं दिसत नाही. ती फळी लावल्यापासून भांडणं निम्म्यावर आली.

पहाटे मोठा आरवतो, मग धाकटा. नेहमी याच क्रमाने. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली हेच नोंदवलं होतं, की वरच्या मानाचा कोंबडा पहिला आरवतो आणि बाकीचे उतरंडीनुसार मागून. ते वाचलं तेव्हा माझ्या खिडकीतून रोज ऐकू येणाऱ्या गोष्टीचा उलगडा झाला.

माझा मोठा कोंबडा माणसाच्या अंगावर कधी गेला नाही. पण पावसाळी कोट घालून गेले की अनोळखी समजतो, पिसं पिंजारतो. ताई, तुमच्या बाबतीत एखादी ठरावीक वस्तू आहे का? कपडा, बादली? एकदा लिहून ठेवून बघा.

मुकावाचक

हे लिहावं की नाही असा विचार करत होतो. सगळे सुधारण्याचं लिहितायत आणि मला ताईंचा उत्साह घालवायचा नाही, पण दुसरी बाजूही इथे असायला हवी.

आमच्याकडे दीड वर्षाचा कोंबडा होता. देखणा, जवळपास ४ किलो. वर लिहिलेलं सगळं आम्ही ४ महिने केलं. माझ्याशी सुधारला. माझ्या आईशी नाही. आई हळू चालते, काठी टेकते. एका सकाळी त्याने मागून झेप घेतली, आई पडली. भुवईच्या वर, डोळ्यापासून बोटभर अंतरावर काटा लागला. काटा म्हणजे आत हाड आणि वर नखासारखं कवच, या वयात तो चांगला टोकदार झालेला असतो. चार टाके पडले.

त्या दिवशी तो गेला. कुठे गेला ते इथे लिहीत नाही, पण दुसऱ्याच्या अंगणात पाठवून त्यांच्या घरच्यांना धोक्यात घालायचं नाही हे आम्ही ठरवलं होतं. आई त्याच्यासाठी रडली, हे मला आजही आठवतं.

एक चूक आम्ही आधीच केली होती. त्याचीच अंडी उबवायला ठेवली होती. स्वभाव बराचसा रक्तातून उतरतो. त्याच्या ५ नर पिल्लांपैकी ३ तशीच निघाली. मारका कोंबडा कितीही देखणा असो, त्याची पिल्लं काढू नका. आणि कोंबडा काढल्यावरही कोंबडीच्या शरीरात २ ते ३ आठवडे त्याचं बीज टिकतं, तेवढे दिवस अंडी उबवायला ठेवू नका.

दाणापाणी

मुकावाचक, लिहिलंत ते फार बरं केलंत. आईंना नमस्कार सांगा.

अंगणओटा

मुकावाचकदादा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही बसून ठरवलं: दोन महिने. त्यात माणसावर झेप घेणं पूर्ण थांबलं नाही तर तो इथे राहणार नाही. मुलाला तोवर जाळीबाहेरूनच बघायचं. त्याने कबूल केलं, पण रडला.

रात्रीची तपासणी केली. जुनंखुराडंकाका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. दिवसा जी कोंबडी जीव खाऊन ओरडते ती काल माझ्या हातात नुसती कुरकुरली आणि पुन्हा झोपली. शिपाईला उचलला. छातीवर हात ठेवला तर खालचं धडधडणं बोटांना कळत होतं. पंखाखाली उवा होत्या, खूप. विष्ठाद्वाराजवळ पांढरे झुबके. बिचारा किती खाजवत असेल. तळपाय स्वच्छ. दांडीच्या खाचेत माइट नाहीत. पशुवैद्यांकडून औषध आणलंय, अंडी किती दिवस वापरायची नाहीत तेही विचारलं.

जुनंखुराडं

छान. आता दिवसाचं वागणं.

आवारात शिरताना हातात रुंद फळी किंवा मोठ्या टोपलीचं झाकण ठेवा. मारायला नाही, मध्ये धरायला. तो आला की फळी त्याच्या आणि तुमच्या मध्ये. त्याला काही लागलं नाही, तुम्हालाही नाही, आणि भांडण जमलंच नाही. पाठ फिरवून पळू नका, डोळ्यात डोळे घालून बघू नका. अंग थोडं तिरकं ठेवा, हळू, पण न थांबता चालत राहा, आपलं काम चालू ठेवा. तो बाजूला झाला की तुम्हीही लगेच बाजूला व्हा. दाब सुटणं हेच त्याचं बक्षीस.

त्याच्या वाटेवर तुम्ही जायचं, तुमच्या वाटेवरून त्याने सरायचं. हे घाईने नाही. तो दाण्याच्या भांड्याशी उभा असेल तर भांड्याकडे सरळ चाला, तो सरकेल. त्याच्या अंगावर चालून जाऊ नका, जागा हवीय एवढंच दिसू द्या.

आणि हातातून खाऊ भरवणं बंद. हे तुम्हाला जड जाईल. त्याऐवजी मूठभर दाणे त्याच्यापुढे पसरा आणि लांब व्हा. तो टुक-टुक करून कोंबड्यांना बोलावेल, दाणा उचलेल, टाकेल, पुन्हा उचलेल. त्याचा मान त्याला तिथे मिळू द्या. कोंबड्यांना तुम्ही हातातून भरवता तेव्हा त्याचं काम तुम्ही करता.

पहाटपक्षी

काका, हे शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं. अनेक वर्षं कोंबड्या पाळून हा विचार कधी मनात आला नव्हता.

उंचदांडी

एक विचारायचं होतं. काटे मोठे झालेत ते कापावेत का? कोणीतरी सांगितलं की गरम बटाटा काट्यावर दाबून धरला की कवच पिळून निघतं.

पक्षीवैद्य

गरम बटाटा नको. पाय भाजलेले पक्षी माझ्याकडे आलेत. कवच निघतं हे खरं, पण खालचा भाग कोवळा, रक्ताळलेला आणि फार दुखरा राहतो. नुसतं टोक बोथट करायचं असेल तर नखाच्या कानशीने थोडं थोडं घासा, रात्री, कोणीतरी धरलेलं असताना. बुडाकडचा बराच भाग जिवंत असतो, तिथे जाऊ नका. रक्तस्राव थांबवायची पावडर हाताशी ठेवा. काटा वळून पायात रुतत असेल तर घरी काही करू नका, दवाखान्यात आणा.

खच्चीकरणाबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो: कोंबड्याची वृषणं पोटात, पाठीच्या कण्याजवळ असतात. ही पोट उघडायची शस्त्रक्रिया आहे. घरी कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

अंगणओटा

३ आठवडे झाले. वहीत रोज लिहिते आहे, त्यातलं थोडं देते.

पहिल्या आठवड्यात ९ वेळा आला. सगळ्या झेपा फळीवर. दुसऱ्या आठवड्यात ४. या आठवड्यात एकदाच, आणि तेव्हा झेप नाही, नुसता पंख सोडून फिरला. मी पाण्याचं भांडं भरत राहिले. तो दोन पावलं मागे गेला, जमिनीवर खोटी चोच मारली आणि मग खरंच काहीतरी सापडलं म्हणून कोंबड्यांना बोलवायला लागला. तिथेच उभी राहून मी रडले.

पहाटपक्षीताई, वहीमुळेच कळलं. ९ पैकी ६ वेळा माझ्या हातात लाल डबा होता. पावडरीचा डबाही लालच होता. दाण्यासाठी आता करडं भांडं घेतलं.

पाठझुली शिवल्या. एकीने पहिले दोन दिवस मागे मागे चालून ती काढायचा प्रयत्न केला, आता विसरली. कोंबड्या वाढवायचंही ठरवलंय, ४ तलंगा (तरण्या कोंबड्या) घेणार आहोत, आधी वेगळ्या ठेवून.

जुनंखुराडं

उत्तम. तलंगा आणल्या की निदान ३-४ आठवडे वेगळ्या ठेवा, मग जाळीतून एकमेकींना दिसतील असं काही दिवस, मगच एकत्र. त्या आठवड्यात त्याची पिसं पुन्हा पिंजारतील, घाबरू नका, फळी काढून ठेवू नका. दिवस मोठे व्हायला लागतील तेव्हाही असंच होईल, उजेड वाढला की त्यांच्या अंगातलं नरपण वाढतं. दरवर्षी.

मुकावाचक

ताई, मनापासून आनंद झाला. मुलाचं तेवढं सांभाळा.

अंगणओटा

सांभाळते आहे. दोन महिने काल पूर्ण झाले. शेवटच्या ५ आठवड्यांत माणसावर एकही झेप नाही. तरी मुलगा जाळीच्या आत जात नाही, आम्ही तो नियम कायमचाच केला. जाळीला बाहेरून एक नळी बसवली आहे, तो वरून दाणे ओततो आणि ते आत पडतात. काल संध्याकाळी ओतले. शिपाई आला, मान वाकडी करून एका डोळ्याने त्याच्याकडे बघितलं, पिसं सपाट. मग टुक-टुक करून सगळ्यांना बोलावलं आणि सगळ्या आल्यावर स्वतः शेवटी खाल्लं. मुलगा म्हणाला, "आई, तो मला पण बोलावत होता."

तो आता मांडीवर येत नाही. मीही घेत नाही. त्याची आठवण येते, पण रात्री तपासायला जाते तेव्हा पंख उचलू देतो, पाय बघू देतो, आणि मान खाजवली की अजूनही डोळे मिटतो.

उवा गेल्या. एका पाठीवर नव्या पिसांची निळसर बोथट टोकं दिसायला लागली आहेत. फोटो उद्या टाकते.